‘येवा, कोकण आपलाच असा!’ आपला म्हणजे कोणाचा?

दोस्तहो, तुमच्यातल्या कितीतरी जणांचं मूळ कोकणातलं. आजा गिरणीत आला, बाप नायगावच्या नाहीतर डिलाईल रोडच्या चाळीत वाढला आणि तुम्ही आता मे महिन्यात पाच दिवस गावाला जाता. कुडाळला गाडीतून उतरलात की पाट्या सुरू होतात. ‘येवा, कोकण आपलाच असा!’ खाली सुरमईची थाळी, निळा समुद्र आणि बोटीत बसलेलं हसरं कुटुंब. मालवणपर्यंत या पाट्या मोजत जा आणि एकच प्रश्न विचारा. आपला म्हणजे कोणाचा?

मी विचारला. म्हणून हे लिहितोय.

आमची वाडी या किनारपट्टीवरच्या एका गावात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. आई अजून तिथं राहते आणि तिला तिथंच राहायचंय. वाडी समुद्रापासून लांब, कातळावर. आपल्या वाड्या कुठं असतात ते तुम्हाला सांगायला नको. ज्यांचे माड किनाऱ्याला होते त्यांच्या माडाखाली आज खोल्या उठल्यात. त्यांचं मी वाईट चिंतत नाही. गाबताच्या पोराने पर्यटकांची बोट चालवून चार पैसे केले तर चांगलंच झालं. पण आमच्याकडं ना माड, ना वाळू. आमच्याकडं फक्त हात होते.

त्या हातांना काम मिळालं, हेही खरं. खोटं कशाला बोला? आई एका रिसॉर्टात चादरी धुते. काकी दुसऱ्या ठिकाणी संडास घासते. चुलतभाऊ मैल्याची टाकी उपसणाऱ्या गाडीवर आहे. आता हा रोजगार कसला ते बघा. जातीनं जे काम दिलं होतं तेच पर्यटनानं दिलं. फरक एवढाच की अंगात टी-शर्ट आला आणि पाठीवर मालकाच्या धंद्याचं नाव आलं. टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. उतरून मेला तर घरच्यांना ३० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं. चुलतभावाला यातलं काहीच कोणी सांगितलेलं नव्हतं. पाईप तुंबला की काय करतोस, विचारलं. तो नुसता हसला.

मागल्या मे महिन्यात वाडीची विहीर आटली. आई पहाटे चारला उठायची, दोन कळशांसाठी रांग लावायची आणि आठ वाजता रिसॉर्टात जाऊन पाहुण्यांनी एक रात्र वापरलेल्या चादरी पाण्यात घालायची. रिसॉर्टाला टँकर रोज. वाडीला टँकर ‘बघूया’. मी कार्यालयात गेलो. खुर्चीतला माणूस तसा वाईट नव्हता. म्हणाला, “सीझन असा रे, जरा समजान घेवक् व्हया.” मग विचारलंन, “कोणाचो रे तू?” मी आडनाव सांगितलं. त्यानं पुढं काहीच विचारलं नाही. आडनाव कळलं की अर्ज वाचायची गरज उरत नाही.

एकाच विहिरीचं रडगाणं गातोय असं कोणाला वाटेल. तर जिल्ह्याकडं बघू.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा विमानतळ उघडला. याला विकास म्हणतात. आता दुसरा आकडा घ्या. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ ला ती ८,४९,६५१ झाली. सगळा महाराष्ट्र वाढत होता आणि पर्यटन जिल्हा जाहीर झालेल्या या जिल्ह्यातली १९ हजार माणसं कमी झाली. हजार पुरुषांमागे हजारापेक्षा जास्त बायका, म्हणजे पुरुष मुंबईला आणि घर बाईच्या डोक्यावर. जिथं पाहुणा वाढतो आणि रहिवासी घटतो, त्या जागेला आमच्या भाषेत गाव म्हणत नाहीत, धर्मशाळा म्हणतात. आणि धर्मशाळेत झाडूवाल्याला कोण विचारतो?

बरं, विचारायचं कोणाला? मालवण नगरपरिषदेवर २०१६ साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत २०२१ च्या शेवटी संपली. त्यानंतर प्रशासक. पुढचं मतदान झालं २ डिसेंबर २०२५ ला, तेही सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षीच्या मे महिन्यात दट्ट्या दिल्यावर. चार वर्षं शहराला लोकांनी निवडलेला एक माणूस नव्हता. एकट्या मालवणचं नव्हे, महाराष्ट्रातल्या बहुतेक पालिकांचं हेच झालं. जिल्हा परिषदेवरही मार्च २०२२ मध्ये प्रशासक बसला. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचा घोळ, कारणं भरपूर. पण या चार वर्षांत एक गोष्ट उघडी पडली. नगरसेवक नव्हते तरी पाहुण्याचं काही अडलं नाही. हॉटेलवाल्याला फाईल हलवायला नगरसेवक लागत नाही. तो थेट वर बोलतो. अडतं ते ज्याला वर कोणी ओळखत नाही त्याचं. त्याला वॉर्डातला माणूस लागतो, ज्याच्या दारात सकाळी उभं राहून शिव्या घालता येतात. तेवढाही चार वर्षं नव्हता.

आणि आता निवडून आलेत त्यांच्याबद्दल? राखीव जागेवर बसलेल्या आपल्याच माणसाला आधी विचारा. खुर्चीच्या मागं ‘जयभीम’ लावलंस, बजेटात वाडीचं किती लावलंस? सभेत तोंड उघडलंस की नुसता हात वर केलास? ज्याला तिकीट मालकानं दिलं, त्याचा हात मालकाच्याच इशाऱ्यावर वर जातो. हे बोललं की आपलीच माणसं चिडतात. चिडू देत.

डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायची. चांगलं केलं. वाडीच्या तोंडाशी नवी पाटी आली. पाटीपासून पुढं रस्ता मात्र नाही. पावसात म्हातारी आजारी पडली तर खाटेवर घालून न्यावी लागते, ‘समतानगर’च्या पाटीखालून. नाव बदलायला रंगाचा एक डबा पुरतो. रस्त्याला निधी लागतो आणि निधी समुद्राच्या दिशेला वाहतो.

आता बाजारात चला. आमच्या आज्या बांबूचं काम करायच्या. सूप, रोवळी, डाली, परड्या. आठवडा बाजारात रस्त्याच्या कडेला बसून विकायच्या. आज जवळच्या शहराच्या बाजारपेठेत फिरा. काजू सतरा दुकानांत, कोकम सरबत वीस दुकानांत, खाजं आणि मालवणी मसाला पावलापावलावर. पण पोराच्या वह्या, बिजागरी, रॉकेलची चिमणी, आईच्या पायात बसेल अशी साधी चप्पल घ्यायची तर तीन बाजार हिंडावे लागतात. ज्या दुकानात हे मिळायचं त्याचा गाळा जास्त भाड्याला गेला आणि तिथं आता टोप्या नि शंखशिंपले लटकतात. माशाचं तेच. सुरमई, पापलेट लिलावातनंच हॉटेलात जातं. मासळीच्या गावात राहणारी माझी आई सुका बांगडा भाजते आणि पाहुण्यांच्या ताटातले काटे उचलते.

गंमत ऐका. तीच रोवळी आता काचेच्या दुकानात ‘कोकणची हस्तकला’ म्हणून टांगलीय. तिची किंमत बघून काकी तिथंच खाली बसली. विणणारी मात्र अजून रस्त्यावरच. मोठा कोणी यायचा असला की तिला उठवतात. रस्त्यावरच्या विक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. नगर पथविक्रेता समिती नेमा, तिच्यात चाळीस टक्के विक्रेतेच असू देत, नोंदणी झाल्याशिवाय कोणाला हुसकू नका, असं त्यात छापलंय. काकीला विचारलं, समिती म्हायत असा? म्हणाली, “माका पोलिसाची काठी म्हायत असा.”

कोणी म्हणेल, एवढ्या छोट्या शहरांच्या पालिकेला झेपतच नाही. खोटं आहे. वेंगुर्ल्यानं कचरा वेचून, वेगळा करून, कचरा डेपोचं ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ केलं. लोक तो बघायला जातात. मनात आलं तर याच जिल्ह्यातली पालिका कचऱ्याचंसुद्धा सोनं करते. आणि राजकोटचं बघा. मालवणात शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. पडायला पावणेनऊ महिने लागले. ११ मे २०२५ ला त्याच जागी आधीपेक्षा उंच पुतळा उभा होता. उभारायला साडेआठ महिने. म्हणजे पैसा आहे, यंत्रं आहेत, इंजिनियर आहेत, सही करणारा हात आहे. राजा आमचाही आहे. त्याच्या गडांच्या घेऱ्यात महार, मांग, रामोशी पहारा देत होते. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये म्हणणाऱ्या राजाचा पुतळा साडेआठ महिन्यांत पुन्हा उभा राहतो आणि रयतेच्या नळाला पिढी जाते. या हिशेबाचा जाब कोण देणार?

पालिका आणि पाणी म्हटलं की कोकणातलंच दुसरं एक शहर आठवतं. मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ ला झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही ठराव केला, चवदार तळं खुलं. कागदावर तळं खुलं झालं, पण ओंजळ कोरडीच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन चालत गेले तेव्हा ते पाणी ओठाला लागलं. मग पालिकेनं काय केलं? ४ ऑगस्ट १९२७ ला आपलाच ठराव मागं घेतला! हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. नगरपालिका नावाच्या गोष्टीची आमची ओळख ही अशी आहे. ठराव तिचा, पाणी दुसऱ्याचं. आज कोणी तळ्याला हात लावू नको म्हणत नाही. आज म्हणतात, सीझन आहे, समजून घे.

काहीजण बोट परप्रांतीयाकडं दाखवतात. हॉटेलात नेपाळी, बोटीवर झारखंडचा, यांनी आमचं खाल्लं म्हणे. खोपटात आठ-आठ जण झोपणाऱ्या पोरानं काय खाल्लं? त्याला कमी पगारात ठेवणारा मालक आणि आमच्या आईला कमी पगारात ठेवणारा मालक एकच. तो पोरगा आमच्या बाजूचा आहे. त्याला आधी जयभीम घाला, मग भांडण कोणाशी ते ठरवा.

गावं लढत नाहीत असंही नाही. तोंडवळी-वायंगणीच्या लोकांनी सी वर्ल्डच्या विरोधात उभं राहून दाखवलं. पण त्यातून एक शिकायचं राहिलं. जमीन जाणार म्हणून ज्याचा सातबारा आहे तो हरकत घेतो, त्याची हरकत नोंदवली जाते. ज्याच्या नावावर गुंठाभर नाही त्यानं ‘नको’ म्हटलं तरी ते कुठल्या रजिस्टरात चढत नाही आणि ‘हवं’ म्हटलं तरी चढत नाही. मालक म्हणून मोजले जा नाहीतर पाहुणा म्हणून. नुसतं राहून, राबून इथं मोजलं जात नाही. भांडण इथं आहे. पर्यटन हवं की नको हे मालकांचं भांडण. आमचं भांडण असं की जो राहतो त्याचं पाणी आधी, जो येतो त्याचं नंतर.

म्हणून मुंबईतल्या दोस्तांनो, आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही मे महिन्यात जाता. आईला रजा घ्यायला लावून तारकर्लीला जाता, स्कूबाचा फोटो काढता, थाळी महाग म्हणून कुरकुरता आणि पाचव्या दिवशी परतता. तुम्हीसुद्धा पाहुणेच झालात. मीसुद्धा झालो होतो. विहिरीवर पहाटे चारला आईच्या मागं उभा राहिलो तेव्हा शुद्धीवर आलो.

या खेपेला जाताना तीन कामं घेऊन जा. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्याखाली, मागच्या पाच वर्षांचा हिशेब मागा. किती जमले, कुठं गेले, कोणाच्या दारातला रस्ता झाला. दुसरं, ग्रामसभेला जा. आईला, काकीला बरोबर घेऊन पुढच्या रांगेत बसा आणि टँकरची यादी मागा, कोणाकडं किती गेले ते तारखेसकट. जिथं नगरपरिषद आहे तिथं नगरसेवकाच्या दारात हेच. तिसरं, टाकी उपसणाऱ्या पोरांची आणि चादरी धुणाऱ्या बायांची यादी करा. किती तास, किती पगार, बोटाला जखम झाली तर दवाखाना कोणाचा. यादी झाली की संघटना निम्मी झाली.

मी अर्ज टाकलाय. कार्यालयातला तोच माणूस पोच देताना परत म्हणाला, “कशाक रे ह्या सगळा? तू तर मुंबैक रवतंस.”

त्याला सांगितलं, मी मुंबईत राहतो, पण आई इथं राहते. आणि ती पाहुणी नाही.

जयभीम.