शेंगदाण्याची चटणी आणि मूत्रपिंडविकार

चलथाण-सुरत परिसरात स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबांत शेंगदाण्याची चटणी नित्याची. आता मुलांच्या पोळीवर पीनट बटरही आले आहे. मूत्रपिंडविकार आढळताच दोन्ही सरसकट बंद करण्याचा सल्ला मला मान्य नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम व ३७५ मिलिग्रॅम फॉस्फरस असते, हे खरे. परंतु त्यातील बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असल्याने कमी शोषला जातो. शिवाय २५ ग्रॅम प्रथिनेही मिळतात आणि वाढत्या मुलाला ती हवीच असतात. रक्तातील पोटॅशियम वाढलेले असल्यास चटणी अवश्य टाळावी; अन्यथा बिनमिठाची, मोजून एखादा चमचा देता येते. समव्यावसायिकांनी ‘बंद’ लिहिण्यापूर्वी रक्ताचा अहवाल आणि मुलाचे वजन-उंची पाहावी, ही नम्र विनंती.