छतावरील सौर ऊर्जा : बॅटरीचा खर्च वसूल होणे नियमांच्या हाती

नवी दिल्ली : छतावर सौर पॅनेल बसवताना सोबत बॅटरीही घ्यावी का, हा प्रश्न आता अनेक कुटुंबांपुढे आहे. पॅनेल, बॅटरी आणि ग्रीड यांना जोडणाऱ्या ‘हायब्रीड’ संचाचा खर्च कधी वसूल होणार, हे बॅटरीच्या किमतीइतकेच राज्य वीज नियामक आयोगांच्या नियमांवर अवलंबून आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ७५,०२१ कोटी रुपयांच्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’ला मंजुरी दिली. उद्दिष्ट १ कोटी घरांचे आहे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० असे कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. मात्र ते सौर क्षमतेवर आहे. बॅटरीचा भार ग्राहकावरच पडतो.

नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रीडला दिलेले युनिट रात्रीच्या वापरातून वजा होते. तेव्हा ग्रीडच बॅटरीचे काम करते आणि स्वतंत्र बॅटरीने बिल घटत नाही. तिचा लाभ वीज गेल्यावरच होतो, कारण बॅटरीविना ग्रीडशी जोडलेला संच अशा वेळी सुरक्षेसाठी बंद पडतो.

वेळेनुसार वीजदर मात्र हे समीकरण बदलू शकतात. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार दर सौर तासांत किमान २० टक्के कमी, तर घरगुती ग्राहकांसाठी कमाल मागणीच्या वेळी किमान १० टक्के जास्त असावा. मूळ दर ८ रुपये मानल्यास हे दर ६.४० आणि ८.८० रुपये होतात. दुपारच्या युनिटची वजावट दुपारच्याच दराने झाली, तर रोज ५ युनिट साठवणारी बॅटरी वर्षाला सुमारे ४,३८० रुपये वाचवते. तिची किंमत १ लाख रुपये धरली, तर वसुलीला सुमारे २३ वर्षे लागतील. बॅटरी बहुधा इतकी टिकत नाही.

ग्रीडला दिलेल्या युनिटचा मोबदला ३ रुपयांवर आला, तर हाच काळ साडेनऊ वर्षांच्या आसपास येतो. म्हणजे ग्रीडकडून मिळणारा मोबदला घटेल, तशी बॅटरी परवडू लागेल. पण कर्ज काढून केवळ पॅनेल बसवलेल्या कुटुंबाचा हिशेब कोलमडेल.

पॅनेल सुमारे २५ वर्षे चालतात. संध्याकाळची मागणी घरगुती बॅटरीने हलकी झाल्यास लाभ वीज वितरण कंपन्यांनाही होतो. त्यामुळे नियम बदलताना जुन्या ग्राहकांना संरक्षण आणि साठवणुकीला योग्य मोबदला, या दोन्ही बाबी आयोगांना एकत्र पाहाव्या लागतील.