ब्रेक वाजला की लगेच पॅड बदलू नका, आधी तपासणीचे पैसे घ्या



आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलाय, चार-दोन वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये हात काळे केलेत आणि आता स्वतःचं शटर उघडायचंय, अशा मंडळींसाठी आजचा लेख आहे. व्हिडिओत हा मुद्दा घाईत गेला होता. मुद्दा पैशाचाच आहे, पण सुरुवात ब्रेकच्या आवाजापासून करावी लागेल.

आपलं शिरपूर जैन घ्या. एमएच 37 च्या गाड्या तर रोजच्याच. पण अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला मुंबईहून, गुजरातहून गाड्या येतात. अशीच एक गाडी दारात थांबते. किंवा आपलाच गाववाला येतो आणि म्हणतो, "भाऊ, ब्रेक लय वाजून राह्यला, पाहा बरं." आणि गाडी जॅकवर चढायच्या आधीच उत्तर मिळतं, "पॅड गेले. बदलून टाकू." गिऱ्हाईक घाईत असतं, ब्रेकचं नाव ऐकून घाबरलेलं असतं, म्हणून ते हो म्हणतं. दोन दिवसांनी आवाज पुन्हा सुरू.

माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी मेकॅनिक चोर असतोच असं नाही. त्याच्या धंद्याची मांडणीच चुकलेली असते. बघायचे पैसे मिळत नाहीत, बदलायचे मिळतात. मग माणूस बघेल कशाला?

आणि ब्रेकमध्ये बघण्यासारखं भरपूर असतं. आवाज एक नसतो, चार-पाच तऱ्हेचे असतात. सगळ्यात आधी गिऱ्हाइकाला विचारा: कधी वाजतो? सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरतो आणि मग गप्प होतो का? मग रात्रीच्या पावसाने किंवा गाडी धुतल्यामुळे डिस्कवर गंजाचा पातळ थर आलाय, तो आपोआप घासून जातो. इथे काहीच बदलायचं नाही. ब्रेक न दाबताही पत्रा घासल्यासारखा आवाज येतोय? डिस्क आणि तिच्या मागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये खडा अडकलाय का ते पाहा. कच्च्या रस्त्याने शेतात जाणाऱ्या गाड्यांना हे नेहमीचं आहे. काम पाच मिनिटांचं, पार्ट शून्य रुपयांचा.

बारीक, शिट्टीसारखा आवाज मात्र गंभीरपणे घ्या. बऱ्याच गाड्यांच्या पॅडला एक छोटी पोलादी पट्टी असते. पॅडचं मटेरियल साधारण 2-3 मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. ती त्यासाठीच बसवलेली असते. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी कर्रर्र आली, तर पॅड संपून मागची पट्टी डिस्क खातेय. ती गाडी तशीच रस्त्यावर सोडायची नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

आता जिथे सगळ्यात जास्त गफलत होते ती जागा. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बाहेरचं पॅड बघतात, ते जाड दिसतं, आणि "पॅड चांगले आहेत" म्हणून गाडी सोडून देतात. आतलं पॅड कुणी बघितलं? कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना चिखल-पाण्याने सुकून जाम झाल्या, तर कॅलिपर नीट सरकत नाही. मग आतलं पॅड झिजून पत्र्याएवढं होतं आणि बाहेरचं जवळजवळ नवं राहतं. अशा गाडीला नुसते नवे पॅड टाकले, तर आतलं पुन्हा लवकर संपणार. पिना काढून साफ करायच्या, ब्रेकचंच उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावायचं (बेअरिंगचं साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं), फाटलेलं रबर बदलायचं. चाक खोलल्याशिवाय यातलं काहीही कळत नाही.

डिस्कचंही तेच. किमान किती जाडी चालते ते बहुतेक डिस्कवर कोरलेलं असतं. ते वाचायचं आणि मोजायचं. मित्रांनो, पीएमईजीपीचं कर्ज मिळालं की लिफ्ट आणि फ्लेक्सबोर्ड पहिले येतात, पण गॅरेजमध्ये मायक्रोमीटर नसतो आणि टॉर्क रेंचही नसतो. नट कमी-जास्त आवळले की पुढे ब्रेक दाबताना स्टेअरिंग थरथरायला लागतं, आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात.

आवाज बंद करायला ब्रेकवर डिझेल किंवा ऑइल मारणारे महाभागही आहेत. आवाज जातो खरा, ब्रेकही जातो.

हे एवढं का ताणून सांगतोय? कारण तुमच्या दारातून निघालेली गाडी मालेगावकडून समृद्धीवर चढते, तिथे कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. वेग 60 वरून 120 झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. किंवा ती अकोल्याकडे निघते, पातूरचा घाट उतरते. आत पाच माणसं असतात.

आता पैशाकडे या. समजा आठवड्यात ब्रेक वाजणाऱ्या पाच गाड्या आल्या. चाकं खोलून, मोजून बघायला प्रत्येकी 40 मिनिटं लागली, म्हणजे एकूण 200 मिनिटं. त्यातल्या दोनच गाड्यांना पॅड लागले. उरलेल्या तीन गाड्यांची दोन तास मेहनत फुकट. असं महिनाभर झालं की चांगला माणूसही त्या तिघांना पॅड विकायला लागतो. हेच तपासणीचे 200 रुपये ठेवले, तर पाच गाड्यांचे हजार रुपये आलेच, पॅड लागोत न लागोत. मग "दादा, तुमचे पॅड अजून चालतील" हे सांगताना पोटात गोळा येत नाही.

"आपल्याकडे तपासणीचे पैसे कोण देतं?" हे मला प्रत्येक बॅचमध्ये विचारलं जातं. पीयूसीचे देतात की! व्हील अलाइनमेंटचे देतात. डॉक्टरांनी "काही झालं नाही, घरी जा" म्हटलं तरी फी देऊन येतात. कारण तिथे काहीतरी मोजून हातात कागद मिळतो. तुम्हीही द्या. चारही चाकांची, पॅडची आतली-बाहेरची जाडी, डिस्कची जाडी, मागे ड्रम असतील तर लायनर, पिनांची अवस्था, सगळं एका छापील कागदावर. मोबाइलवर फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा. जुना पार्ट त्याच्या हातात द्या.

पहिले काही महिने काही गिऱ्हाइकं कुरकुरतील, एखादं शेजारच्या फुकटवाल्याकडे जाईलही. ती झळ सोसायची तयारी आणि तेवढं भांडवल हाताशी ठेवूनच शटर उघडा.

अजून एक. बरेच जण सल्ला देतात की काम केलं तर तपासणीची फी बिलात वळती करा. मी याच्या ठाम विरोधात आहे. वळती केली की काम निघालं तर गिऱ्हाइकाला तपासणी फुकट आणि नाही निघालं तर 200 चा भुर्दंड. म्हणजे तुमच्या प्रामाणिकपणाचा दंड त्याने भरायचा. शिवाय तुमचं मनही पुन्हा काम काढण्याकडे झुकणार. फी वेगळी, मजुरी वेगळी, पार्ट वेगळा. बिलावर तीन ओळी.

बोर्डावर दर मोठ्या अक्षरात लिहा, आणि गाडी जॅकवर चढवण्याआधी तोंडानेही सांगा. मंदिरातून दर्शन करून निघालेल्या, पुन्हा कधी इकडे न येणाऱ्या गाडीवाल्यालाही तोच दर सांगा, जो शेजारच्या आळीतल्या काकांना सांगता.