दोरीवरची चानी आणि पेटीतली तंगडी

"आपल्याकडे मांस टिकवण्याची परंपराच नव्हती."

यंदाच्या २६ जानेवारीला आमच्या खुटबावच्या अंगणात बाजेवर बसून एका तरुण पाहुण्यानं हे वाक्य उच्चारलं. हातात बशी, बशीत कागदासारख्या पातळ कापलेल्या लालसर मांसाच्या चकत्या. नातवाचे पुण्यातले मित्र सुट्टी म्हणून आले होते. बोलणारा मुलगा चांगला होता, शिकलेला होता, आल्याआल्या मला वाकून नमस्कार केला होता. म्हणून त्याला तिथल्या तिथं काही बोललो नाही. पण वाक्य काही डोक्यातून जाईना. बत्तीस वर्षं शाळेत खडू घासलेला माणूस मी. चुकीचं वाक्य दिसलं की त्याखाली लाल रेघ ओढल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा मंडळी, आज जरा तावातावानं लिहिणार आहे.

आधी त्या चकत्या कुठून आल्या ते सांगतो.

नातवानं दिवाळीत आमचा जुना एकदारी फ्रीज मागच्या पडवीत नेला आणि त्याची "पेटी" केली. साधा फ्रीज फार थंड असतो, तीन-चार अंशांचा. मांस मुरत-सुकत ठेवायला बारा-तेरा अंश लागतात. म्हणून फ्रीजची वायर थेट भिंतीत न लावता मध्ये तळहाताएवढा तापमान-नियंत्रक बसवला. त्याची काडी आत सोडली. आतलं तापमान वर गेलं की तो फ्रीज चालू करतो, खाली आलं की बंद. कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन जळू नये म्हणून मध्ये काही मिनिटं थांबतो. हवा खेळती राहावी म्हणून जुन्या संगणकातला पंखा, आणि तळाशी एका ताटात मिठाचा चिखल.

हा मिठाचा चिखल मला फार आवडला. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा, विज्ञान माझा विषय नाही, पण नातवानं समजावलं ते पटकन कळलं. भरपूर मिठात थोडं पाणी घालून ठेवलं की त्याच्यावरच्या बंद हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहतो. दमटपणा मोजायचं यंत्र खरं बोलतं की खोटं, तेही यावरूनच ठरवायचं. बाटलीच्या झाकणात ओलं मीठ घेऊन ते यंत्राबरोबर पिशवीत रात्रभर बंद करायचं. सकाळी ७५ दिसायला हवं. आमच्या यंत्रानं ८१ दाखवलं, म्हणजे प्रत्येक आकड्यातून सहा वजा! दमटपणा फार कमी झाला तर मांस बाहेरून लाकडासारखं कडक होतं, मग आतलं पाणी बाहेर पडत नाही आणि ते आतल्या आत नासतं. फार वाढला तर काळी-हिरवी बुरशी. मधली वाट धरायची.

खाटकाकडून आणलेली बोकडाची मागची तंगडी, दोन किलो शंभर ग्रॅम. किलोला तीस ग्रॅमप्रमाणे ६३ ग्रॅम मीठ, शिवाय नायट्राइट-नायट्रेट असलेलं खास मीठ किलोला अडीच ग्रॅम. हे अंदाजानं घालायचं नसतं, बारीक काट्यावर मोजायचं. दोन आठवडे घरातल्या चालू फ्रीजमध्ये मिठात, मग पेटीत टांगली. वजन ३५ टक्क्यांनी घटलं की झाली, म्हणजे एक किलो साडेतीनशेच्या आसपास. (आमच्या हिची अट एकच. गुरुवारी आणि एकादशीला पेटी उघडायची नाही. नातवानं ती निमूट पाळली.) वीज गेली की दार न उघडता बसायचं. थंडी टिकून राहावी म्हणून आत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या.

पोरानं चिकाटीनं केलं. मला कौतुकच आहे, आणि पेटीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या वाक्याविरुद्ध.

परंपरा नव्हती? मग आपल्या आठवडे बाजारात सुकट आणि बोंबील विकायला बसतात ते काय? कोकणच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळतात, ते घाट चढून आपल्याकडे पोचतात आणि पावसाळ्यात भाजी नसली की आपण ते चवीनं खातो. गोव्यात डुकराच्या मांसाला मीठ, व्हिनेगर, मिरची लावून चोरिस करतात आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून ठेवतात. आणि लांब कशाला जायचं? आपल्याच गावांत, ज्याला तेव्हा महारवाडा किंवा राजवाडा म्हणत, तिथं उन्हाळ्यात दोरीवर वाळत घातलेल्या चान्या मी लहानपणी या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ लावायचं आणि कडक उन्हात दोरीवर टाकायच्या. त्या पार खडखडीत वाळल्या की मडक्यात भरून ठेवायच्या. लागतील तशा काढायच्या, निखाऱ्यावर भाजायच्या, तळायच्या किंवा कालवणात टाकायच्या. ही चानी. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटातले पदार्थ पहिल्यांदा सविस्तर मांडले, त्यात चान्या आहेत. २०२४ मध्ये ते पुस्तक इंग्रजीतही आलं. म्हणजे आता "वाचायला मिळालं नाही" हीसुद्धा सबब उरली नाही.

गंमत बघा. नातवाच्या तंगडीचं मूळ इटलीत. उत्तरेकडच्या डोंगरात व्हालकियावेन्ना नावाचं खोरं आहे, तिथं बोकडाची तंगडी अशीच मुरवून सुकवतात. कापताना ती व्हायोलिनसारखी खांद्याला टेकवतात म्हणून तिचं नाव 'व्हायोलिनो'. डोंगरातल्या शेळ्या राखणाऱ्यांचं ते खाणं, आज तिकडे अभिमानानं जपतात. दुकानात 'जर्की' म्हणून महागडं पाकीट मिळतं, तो शब्द दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ लोकांच्या 'चार्की'वरून आलेला. चार्की म्हणजे तरी काय? मीठ लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या! दक्षिण आफ्रिकेतल्या बिल्टाँगला तर आपलेच धने लावतात. अँडीजमधल्या गरिबाची चार्की चालते, आल्प्समधल्या मेंढपाळाची तंगडी चालते. दौंड तालुक्यातल्या गरिबाची चानी मात्र "परंपराच नव्हती" या दोन शब्दांखाली गाडायची!

आणखी एक सांगतो. युरोपात मांस टिकवताना शतकानुशतकं सोरा वापरत. मांसाला तो गुलाबी रंग येतो आणि विषारी जंतू रोखले जातात ते त्याच्यामुळे. हा सोरा सतराव्या शतकापासून जहाजं भरभरून जायचा तो बिहारमधून, पाटण्याच्या बाजूनं. जायचा मुख्यतः तोफांच्या दारूसाठी हे खरं, पण स्वयंपाकघरातही तोच सोरा होता. तेव्हा "हे सगळं बाहेरचं" म्हणतानासुद्धा जरा जपून.

आता दोन आक्षेप मला माहीत आहेत, तेही घेऊ.

पहिला म्हणजे स्वच्छतेचा. "गुरुजी, उघड्यावर, माशा बसतात, ते काय शास्त्रीय होतं?" माशा बसत, नाही म्हणत नाही. पण पद्धत बिनडोक नव्हती. आपला हा पट्टा पर्जन्यछायेचा. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशीला टेकतं आणि दुपारची हवा कोरडी ठाक. पट्टी पातळ असली की आतलं पाणी भराभर निघून जातं आणि मीठ उरलेलं पाणी धरून ठेवतं, जंतूंना वाढायला जागाच राहत नाही. जाड तंगडी अशी उन्हात टाकली असती तर दोन दिवसांत सडली असती, म्हणून तर पट्ट्या! शिवाय चानी कधी कच्ची खात नसत, भाजून किंवा शिजवूनच खात. उलट पेटीतली तंगडी आपण न शिजवता खातो, म्हणून धोका तिथं जास्त. बोटुलिझम नावाचा जीवघेणा प्रकार आहे, त्याचं नावच लॅटिनमधल्या सॉसेजच्या शब्दावरून पडलंय. तो वासावरून कळत नाही, चवीवरूनही कळत नाही. ज्यांना नातवासारखी हौस आली असेल त्यांनी काटा, तापमापक आणि ते खास मीठ यांत काटकसर करू नये. पण मग अशास्त्रीय कोणाला म्हणायचं, हे एकदा ठरवा.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. "बाबासाहेबांनीच सोडायला सांगितलं होतं ना?" हो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं सांगितलं आणि लोकांनी सोडलं. ते ओढायचं काम आणि ते खाणं, दोन्ही गावानं त्यांच्या गळ्यात बांधलं होतं, ते त्यांनी झुगारलं. ती स्वाभिमानाची लढाई होती. म्हणून मी चानीचे गोडवे गात नाही, "काय ते जुने दिवस" म्हणत नाही. त्या दोरीवर भूकही वाळत होती हे मला ठाऊक आहे. ज्यांनी सोडलं त्यांचा तो हक्क. पण त्यांनी सोडलं म्हणून ते नव्हतंच, असं आपण म्हणायचं? आणि ज्यांनी नाक मुरडून त्यांना सोडायला लावलं, त्यांच्याच नातवंडांनी म्हणायचं?

'त्यांनी' म्हणतोय, पण त्यात मी आहे. तेही लिहितो, नाहीतर हा सगळा ताव फुकटचा.

१९८३ साल. तेव्हा मी दुसऱ्या एका गावी शाळेवर होतो. सातवीचा वर्ग, मधली सुट्टी. एका मुलानं फडक्यातली भाकरी सोडली, बरोबर तळलेल्या चान्या होत्या. वर्गात वास पसरला, पोरं नाक धरून ओरडायला लागली. मी काय करायला हवं होतं? पोरांना गप्प बसवायला हवं होतं. मी त्या मुलाला म्हटलं, "तू उद्यापासून व्हरांड्यात बसून खात जा." रागावलो नाही, शांतपणेच म्हटलं. मला वाटलं प्रश्न सुटला. पुढं काही दिवस तो व्हरांड्यात नुसती भाकरी-चटणी खाताना दिसला. मग त्यानं भाकरी आणणंच बंद केलं. मधल्या सुट्टीत हापशावर जाऊन पाणी पिऊन यायचा. मी पाहत होतो, आणि बोललो नाही. इतिहासाच्या तासाला त्याच वर्गाला मी महाडचा सत्याग्रह शिकवला आहे.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडलेला असेल. कुठं आहे, माहीत नाही.

पाहुणे गेल्यावर मी नातवाला म्हटलं, "उन्हाळ्यात चानी कर. या तंगडीशेजारी बशीत ठेव, आणि नाव सांगून वाढ." तो म्हणाला, "करतो की आबा. पण शिकवणार कोण?" मला उत्तर येईना. मी फक्त पाहिल्या होत्या. पट्टी किती पातळ, मीठ कधी लावायचं, रात्री उचलायच्या की नाही, काही ठाऊक नाही. म्हणून बौद्धवस्तीतल्या एका म्हातारीकडे गेलो, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. चहा दिला, विचारपूस केली. विषय काढल्यावर हसली आणि म्हणाली, "गुरुजी, तवा नाक धरून जायचात, आता वही घिऊन आलात व्हय?" आणि काही सांगितलं नाही. मी वही मिटून परत आलो. तिचं बरोबरच होतं. आपल्याला हवं तेव्हा शिकवायला ती बांधलेली नाही.

तेव्हा माझं मागणं फार नाही. पेट्या करा, तंगड्या टांगा, इटलीची नावं द्या, कौतुक करून घ्या. मुलांच्या डब्याला वास येतो म्हणून त्यांना व्हरांड्यात बसवू नका, आजही तसं बसवणारे आहेत म्हणून सांगतो. आणि ते वाक्य पुन्हा म्हणू नका. मी त्याखाली लाल रेघ ओढली आहे आणि शिरस्त्याप्रमाणे शेजारी दुरुस्ती लिहितो: "आपल्याकडे मांस टिकवण्याची परंपरा होती. ज्यांची होती त्यांना आपण तिची लाज वाटायला लावली."

पटलं तर ठीक. नाही पटलं तर पुणे-दौंड गाडीनं खुटबावला उतरा आणि भांडायला या. बाज अंगणातच आहे.