आकाशातला मंगळ आणि पत्रिकेतला मंगळ

लग्नसराई जवळ आली की आमच्या शहरांतील सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतून एक वाक्य हटकून ऐकू येते. मुलगी शिकलेली आहे, घराणे चांगले आहे, दोन्ही पक्षांची मने जुळली आहेत. परंतु मुलीला मंगळ आहे, तेव्हा पुढे कसे जावे? या एका वाक्यापायी ठरत आलेल्या सोयरिकी मोडतात आणि ज्या मुलीने कोणाचेही काही वाकडे केले नाही तिच्या कपाळी दोषाचा शिक्का बसतो. अशा मंडळींस आम्ही एक साधा प्रश्न विचारीत असतो. ज्या मंगळाच्या धास्तीने आपण हे स्थळ सोडले, तो मंगळ आज रात्री आकाशात कोठे आहे हे आपण बोट करून दाखवाल काय? या प्रश्नास बहुतेकांकडून मिळणारे उत्तर म्हणजे मौन होय.

ज्याची सही ओळखीची नाही त्याची हुंडी कोणताही शहाणा पेढीवाला सकारीत नाही. न्यायालयातही ‘मी असे ऐकले आहे’ एवढ्या साक्षीवर कोणाविरुद्ध हुकूमनामा होत नाही. साक्षीदाराने स्वतः काय पाहिले, हे त्याला आधी सांगावे लागते. मग व्यवहारात इतके सावध असणारे आमचे लोक पोटच्या मुलीचा निवाडा मात्र न पाहिलेल्या ग्रहाच्या ऐकीव साक्षीवर कसा करितात? आमचे म्हणणे एवढेच आहे की, ज्याचे भय बाळगावयाचे त्याची निदान ओळख तरी करून घ्यावी. खगोलशास्त्राचा श्रीगणेशा येथूनच करण्यास हरकत नाही.

मंगळ हा पृथ्वीच्या निम्म्याहून किंचित अधिक व्यासाचा, खडकाळ व थंडगार असा गोल आहे. सूर्याभोवती फिरावयास त्यास ६८७ दिवस लागतात. त्याचा तांबडेपणा रक्ताचा नसून गंजाचा आहे. तेथील मातीत लोखंडाचा अंश आहे आणि तो गंजलेला आहे. पृथ्वीपासून तो कधी साडेपाच कोटी, तर कधी चाळीस कोटी किलोमीटर दूर असतो. आमच्याच देशाने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी त्याच्याकडे यान धाडले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी, पहिल्याच प्रयत्नात, ते त्याच्याभोवती फिरते केले. ज्या राष्ट्राने मंगळाला प्रदक्षिणा घातली, त्याच राष्ट्रात मंगळापायी मुलीस नाकारले जावे, याहून लाजिरवाणी विसंगती आम्हांस दुसरी सुचत नाही.

आता हिशेबाकडे वळू, कारण आमच्या वाचकांत हिशेब जाणणारे पुष्कळ आहेत. पत्रिकेच्या बारा घरांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला म्हणजे मंगळदोष, असा रूढ नियम आहे. बारांत पाच घरे दोषाची, म्हणजे शंभरांत चाळिसांहून अधिक माणसे दोषी ठरली! साडेसातीची गोष्टही अशीच आहे. शनीला सूर्याभोवतीच्या एका फेरीस सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून तो एका राशीत सरासरी अडीच वर्षे दिसतो. आपली रास, तिच्या मागची व पुढची मिळून तीन राशी, म्हणजे साडेसात वर्षे. बारांपैकी तीन राशींस ती एकाच वेळी चालू असते. म्हणजे कोणत्याही क्षणी गावाचा सुमारे एक चतुर्थांश भाग साडेसातीत असतो. ज्या रोगाने गावातील चौथा मनुष्य सदैव पछाडलेला असावयाचा आणि तरीही गाव नेहमीप्रमाणे खात-पीत, कमवीत राहावयाचे, तो रोग आहे की केवळ त्रैराशिक आहे, याचा विचार वाचकांनीच करावा.

ग्रहांचे भय कमी होण्यास त्यांची अंतरे समजणे हा उत्तम उपाय आहे. सूर्य म्हणजे एक फूट रुंदीचा भोपळा आहे अशी कल्पना करा आणि तो बाजारपेठेच्या एका टोकास ठेवा. या मापाने आपली पृथ्वी म्हणजे बाजरीचा एक दाणा होईल आणि तो दाणा भोपळ्यापासून सुमारे १०७ फुटांवर ठेवावा लागेल. गुरू हा सुपारीएवढा होऊन साडेपाचशे फुटांवर जाईल, आणि ज्याच्या नावाने तेल वाहिले जाते तो शनी हजार फुटांवर. येथवर सर्व कारभार एका पेठेत मावला. परंतु सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा याच मापाने कोठे ठेवावा लागेल? साडेआठ हजार किलोमीटरांहूनही दूर, म्हणजे मुंबईहून निघाल्यास लंडनच्याही पलीकडे! मधला सर्व प्रदेश जवळजवळ रिकामा. त्या बाजरीच्या दाण्यावर आपली राज्ये, आपले दावे आणि आपल्या पेढ्या आहेत.

इतकी अंतरे किलोमीटरांत मोजणे म्हणजे सोने गाडीकाट्यावर तोलण्याच्या उलट चूक होय. म्हणून शास्त्रज्ञ ती प्रकाशाने मोजतात. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावतो. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यावयास सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात आणि त्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा यावयास सव्वाचार वर्षे. कृत्तिकांचा जो झुबका आपण हिवाळ्यात पाहतो, त्याचा प्रकाश सुमारे ४४० वर्षांपूर्वी निघालेला आहे. शिवछत्रपतींचा जन्मही झाला नव्हता तेव्हा निघालेला किरण आज आपल्या डोळ्यांत शिरतो! आकाशाकडे पाहणे म्हणजे भूतकाळाची बखर वाचणे होय, ती याच अर्थाने.

हे सारे तारे ज्या समूहात आहेत तिला आपण आकाशगंगा म्हणतो. तिचा व्यास सुमारे एक लक्ष प्रकाशवर्षे असून तिच्यात निदान दहा हजार कोटी तारे असावेत असा अंदाज आहे. आपला सूर्य त्यांतील एक. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुष्कळ विद्वानांस असे वाटे की, विश्व म्हणून जे काही आहे ते एवढेच. पुढे १९२३ साली एडविन हबल या अमेरिकन ज्योतिर्विदाने देवयानीच्या अंधुक ठिपक्यात एक रूपविकारी तारा ओळखला आणि त्यावरून दाखवून दिले की, हा ठिपका आकाशगंगेबाहेरचा, तिच्यासारखाच स्वतंत्र तारकासमूह आहे. त्याचे अंतर आज सुमारे पंचवीस लक्ष प्रकाशवर्षे मानतात. अशा समूहांस आपल्या भाषेत दीर्घिका असे सुंदर नाव मिळाले आहे. त्या परस्परांपासून दूर जात आहेत, हे १९२९ पासून पुराव्याने सिद्ध होत आले. आणि हा विस्तार उलटा मोजीत गेल्यास विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे निघते. तथापि त्या विश्वातील ज्या द्रव्याचे तारे, ग्रह व आपली शरीरे बनली आहेत, तो सगळ्याचा जेमतेम विसावा भाग आहे. उरलेले काय आहे ते अद्याप उमगलेले नाही, असे शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात. स्वतःचे अज्ञान असे चारचौघांत कबूल करणारे शास्त्र अधिक विश्वासार्ह, की प्रत्येक मुलीचे भविष्य छातीठोकपणे सांगणारे?

कोणी म्हणेल की, ही परक्यांची विद्या आहे. असे म्हणणाऱ्यांस आपल्याच घराची माहिती नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ग्रहणे ही छायेमुळे होतात, असे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेविले. चाळीसगावाजवळ पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापिला, असे त्यात नमूद आहे. त्यातील मराठी मजकूर आमच्या व्यापारी वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. कारण पाटणच्या बाजारातील मालावरचे काही उत्पन्न त्या मठास लावून दिल्याची नोंद त्यात आहे. आठशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एक बाजारपेठ ज्योतिषाच्या शाळेचा खर्च चालवीत होती! पुढे केरूनाना छत्रे यांनी १८६५ पासून नव्या वेधांवर आधारलेले पंचांग काढिले, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत सिद्ध केला. या पुरुषांनी गणित आणि फल यांची गल्लत केली नाही. पंचांगातील गणित हे शास्त्र आहे, त्याविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. आमचा वाद आहे तो त्या गणिताच्या पाठीवर बसून फिरणाऱ्या भयाशी.

आणि गणितही डोळे मिटून घेतल्यास कसे शिळे होते, याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. मकरसंक्रांतीस उत्तरायण लागते असे आपण तीळगूळ वाटताना सांगतो. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. भोवरा डुलावा तसा पृथ्वीचा आस सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक वळसा घेतो, त्यामुळे पंधरा-सतरा शतकांपूर्वी जवळजवळ एकत्र असलेल्या या दोन गोष्टींत आज तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, म्हणून मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असे आपण परंपरेने म्हणतो. परंतु गणित केल्यास त्या वर्षीची संक्रांत चार-पाच दिवस आधीच होऊन गेली होती असे दिसते. मराठ्यांचा घात कोणत्या राशीने केला नाही. त्याची कारणे रणांगणावर, रसदीत आणि आपसांतील बेबनावात शोधावी लागतील. आणि तशी शोधली तरच राष्ट्रास त्यांतून काही शिकता येईल. दोष ग्रहांच्या खात्यावर मांडला की माणसांचे खाते तपासावयाचे राहून जाते, ही या भयाची खरी हानी आहे.

२२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे खग्रास ग्रहण पाहावयास अमेरिकेतील लिक वेधशाळेची मंडळी हजारो मैलांचा प्रवास करून आली होती आणि पुण्याचे प्राध्यापक कावसजी नेगामवाला हेही आपली यंत्रे घेऊन तेथे हजर होते. त्यानंतर ब्याऐंशी वर्षांनी, १६ फेब्रुवारी १९८० रोजी, कारवारजवळच्या किनाऱ्यापासून पुरी-कोणार्कापर्यंत तसेच ग्रहण लागले, तेव्हा आपल्या मोठमोठ्या शहरांतील रस्ते ओस पडले आणि शिकलेले लोक दारे-खिडक्या लावून बसले. जे पाहण्यासाठी परके समुद्र ओलांडून येतात, ते आम्ही अंगणात उतरूनही पाहू नये काय? ग्रहणकाळी गर्भवती स्त्रियांस उपाशी कोंडून ठेवण्याची चाल कित्येक घरांत आहे. ती तर केवळ क्रौर्य होय. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसावयाचे आहे. ते उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहू नये. त्यासाठी बनविलेल्या खात्रीच्या चष्म्यातून मात्र घरातील सर्वांनी, गर्भवतींसह, अवश्य पाहावे.

‘यात पोट भरण्याजोगे काय आहे?’ असाही आक्षेप येईल. त्यास आमचे उत्तर असे की, भीतीपायी मोडलेल्या सोयरिकी, शांतिकर्मांवर गेलेला पैसा आणि मुहूर्तापायी वाया गेलेले दिवस यांचा जमाखर्च आधी मांडावा, मग या विद्येचा नफा आपोआप दिसेल.

ती शिकावयास विद्यापीठाची पायरी चढण्याचीही आवश्यकता नाही. एक महिना रोज सायंकाळी एकाच जागी उभे राहून चंद्र पाहावा. तो दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो हे स्वतः टिपून घ्यावे. मग ग्रह ओळखावे. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे जे चार चंद्र शोधिले, ते आज साध्या द्विनेत्रीतूनही दिसतात. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांस आकाश दाखवीत आली आहे. नारायणगावाजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे, आणि अशा एकंदर तीस तबकड्या त्या परिसरात पसरल्या आहेत. डॉ. जयंत नारळीकर हे २०२५ मध्ये निवर्तले. त्यांनी हे सारे शास्त्र मराठीत आणून ठेविले आहे. साधनांची वाण नाही, वाण आहे ती इच्छेची.

म्हणून प्रत्येक नगरवाचनालयाने एक दुर्बीण घ्यावी आणि तिचा खर्च तेथील व्यापारी मंडळाने सोसावा, अशी आमची सूचना आहे. महिन्यातून एका अमावास्येस पेठेतील दुकानदारांनी पाट्यांवरील दिवे तासभर मालवावे, म्हणजे मुलांना आकाशगंगा दिसू शकेल. पाटणच्या बाजाराने आठशे वर्षांपूर्वी याहून अधिक केले होते. आणि त्या रात्री ज्या घरात लग्नाची बोलणी चालू असतील, त्या घरच्या वडील मंडळींनी मुलीस बरोबर घेऊन गच्चीवर जावे व मंगळ वर आला असल्यास तो तिला दाखवावा. त्या तांबड्या ठिपक्याकडे पाहून, याने आपल्या मुलीचे काही वाकडे केले आहे असे त्यांस अजूनही वाटले, तर आम्ही आपले म्हणणे मागे घेऊ.