ऐकायचे की बोलायचेही?

बाबा निवृत्त होतात, हाताशी वेळ येतो आणि जुनी हौस पुन्हा डोके वर काढते. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ ज्यांनी रेडिओला कान लावून ऐकली, त्यांना लघुलहरींची खरखरसुद्धा गोड वाटते. मग कुणीतरी सुचवते, ‘साधा रेडिओ कशाला? हॅम मंडळींचा ट्रान्सीव्हर घ्या, जगभरचे ऐकू येईल!’ मुलेही वाढदिवसाची भेट म्हणून तो घ्यायला निघतात. पण पैसे मोजण्यापूर्वी एक प्रश्न विचारायलाच हवा : फक्त ऐकायचे आहे, की बोलायचेही?

ट्रान्सीव्हर म्हणजे ऐकण्याचे आणि प्रक्षेपणाचे यंत्र एकाच पेटीत. आपल्या देशात हौशी रेडिओचा परवाना नसताना असा संच घरात ठेवणेही कायद्यात बसत नाही. ‘आम्ही फक्त ऐकतो,’ असे म्हणून सुटका होत नाही. नातवाने गंमत म्हणून माइकचे बटण दाबले, तरी प्रक्षेपण सुरू होते.

केवळ ऐकायचे असेल तर लघुलहरींचा चांगला रेडिओच घ्यावा. मात्र त्यात ‘सिंगल साइडबँड’ म्हणजे एसएसबीची सोय आहे ना, हे पाहावे. हॅम मंडळी बहुधा याच पद्धतीने बोलतात आणि साध्या रेडिओवर त्यांचे बोलणे बदकाच्या आवाजासारखे ऐकू येते.

बोलायचीही इच्छा असेल तर आधी परवाना काढावा. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. आजोबा आणि नात यांनी जोडीने अभ्यास करावा असाच हा छंद आहे.

त्यानंतर संच निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, तो केवळ हॅम पट्टे ऐकवतो की ३ ते ३० मेगाहर्ट्‌झ सलग? दुसरी, त्यात एएमची सोय आणि त्यासाठी सुमारे ६ किलोहर्ट्‌झ रुंदीचा फिल्टर आहे का? अरुंद फिल्टरमधून गाणे घुसमटलेले ऐकू येते. तिसरी, वीजपुरवठा. बहुतेक संच १३.८ व्होल्टवर चालतात. १०० वॉटच्या संचाला प्रक्षेपणाच्या वेळी वीसएक अँपिअर वीज लागते. तेवढा पॉवर सप्लाय वेगळा घ्यावा लागला, तर तो खर्चही आधीच हिशेबात धरावा.

संच कितीही भारी असो, खरी करामत एरियलची. दहा मीटर आवरणाची तांब्याची तार खिडकीबाहेर, विजेच्या तारांपासून लांब बांधावी. विजा चमकू लागण्याआधीच ती संचापासून सोडवावी. घरातले एलईडी दिवे आणि चार्जर एकेक करून बंद करून पाहावेत. निम्मी खरखर घरातलीच निघते!

आता लघुलहरींवर पूर्वीची गर्दी नाही. बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरील प्रसारणही जानेवारी २०२० मध्ये थांबले. पण २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून नातलगांपर्यंत निरोप पोहोचवायला हॅम मंडळीच धावली होती. बाबांना नुसती गाणी हवी असतील, तर रेडिओ पुरे. कुणाच्या उपयोगी पडायचे असेल, तर भेट म्हणून आधी परीक्षेचे पुस्तक द्यावे. ट्रान्सीव्हर पुढच्या वाढदिवसाला!