मुरूम, शाळा आणि मेडिकलवरची ट्यूब

आपल्या आरोग्याच्या पानावर रक्तक्षय, टीबी, डेंग्यू, बाळंतपण, बीपी-शुगर यांवर लिहिलं जातं, आणि ते गरजेचंच आहे. या वेळी शाळेतल्या मुलामुलींच्या मुरमांवर लिहिते म्हटल्यावर चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते मला म्हणाले, "ताई, वस्तीत नळाला पाणी येत नाही, पोरांची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, आणि तुम्ही पिंपल्सवर लिहिणार?"

त्यांनी मनापासून विचारलं, म्हणून उत्तरही मनापासून देते.

ज्याने जीव जात नाही तो आजार किरकोळ, असा हिशोब आपण करतो. शाळकरी पोरांच्या बाबतीत तो अपुरा पडतो. पोरगी वर्गात हात वर करते की मान खाली घालते, फळ्यावर गणित सोडवायला उठते की नाही, सहलीला आणि स्नेहसंमेलनाला जाते की "पोट दुखतंय" म्हणून घरी राहते, यावर तिचं शिकणं ठरतं. शिकण्याच्या वाटेत जे आडवं येतं ते आपल्या घरांसाठी किरकोळ कसं?

वस्तीतल्या किशोरी गटांत मी जाते तेव्हा आजही दोन-तीन मुली मास्क लावून बसलेल्या असतात. करोना जाऊन वर्षं झाली. "मास्क काढ ना गं" म्हटलं की डोळ्यांत पाणी. मास्कच्या आत हनुवटीवर, गालांवर लाल पुटकुळ्या, आणि मास्कच्या घामाने त्या आणखी वाढलेल्या. पोरं तर मास्कही लावत नाहीत आणि बोलतही नाहीत. केस कपाळावर ओढून घेतात, फोटोत मागे उभी राहतात.

या त्रासाचं मोजमाप करता येतं. ब्रिटनमधल्या कार्डिफ इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९५ साली मुलांसाठी दहा प्रश्नांची एक यादी तयार केली. त्वचेच्या कुठल्याही आजारासाठी ती वापरतात. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती लाज वाटली, दुःख झालं? मैत्रीवर परिणाम झाला का? वेगळे कपडे घालावे लागले का? खेळणं, बाहेर जाणं टाळलं का? शाळेच्या कामात अडचण आली का? कोणी चिडवलं, नावं ठेवली का? झोप लागली का? उपचारांचाच त्रास झाला का? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. जितके गुण जास्त तितकं आयुष्य जास्त अडलेलं. जगभर या आणि अशा प्रश्नावल्या वापरून झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: मुरूम किती आहेत आणि त्रास किती होतो यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. चारच पुटकुळ्या असलेलं पोर आतून मोडलेलं असू शकतं. म्हणून "एवढंसं तर आहे, त्यात काय!" हे वाक्य आयांनी आणि शिक्षकांनी बोलायचं टाळावं. मुरूम आणि उदासी, चिंता यांचा संबंधही अभ्यासांत दिसलेला आहे.

आता आपल्या पोरांची वेगळी गोष्ट. मुरूम आलेल्या कुठल्याही पोराला ऐकावं लागतं, "तोंड धूत नाहीस का?" पण वस्तीतून शाळेत जाणाऱ्या पोराला हे वाक्य वेगळं लागतं. आपल्या पिढ्यान्पिढ्यांना अस्वच्छ ठरवलं गेलं. त्यामुळे वर्गात कोणी "हिच्या घरी साबण नसेल" म्हटलं की तो टोला फक्त चेहऱ्याला बसत नाही. एका आठवीतल्या मुलीने मला सांगितलं की ती दिवसातून सात वेळा तोंड धुते, आणि घरात कपड्यांचा साबण हाताशी असतो म्हणून त्यानेच घासते. नळ एक तास येतो त्या घरात सात वेळा! तिची त्वचा सोलवटून निघाली होती आणि मुरूम होते तसेच. तिला स्वच्छता शिकवायची गरजच नव्हती. गरज होती ती तिला आणि तिच्या वर्गशिक्षिकेला हे सांगायची की मुरूम मळामुळे येत नाहीत.

मग कशामुळे येतात? वयात येताना अंगात जे हार्मोन वाढतात, त्यांच्यामुळे त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. केसाच्या मुळाचं बारीक छिद्र तेलाने आणि मेलेल्या पेशींनी बुजतं. ते बुजलं की काळा किंवा पांढरा ठिपका. त्वचेवर एरवीही राहणारे जंतू त्या तेलात वाढले, सूज आली, की लाल पुटकुळी, कधी पू, कधी आत दुखणारी गाठ. काळ्या ठिपक्यातला काळेपणाही घाणीचा नसतो, तो त्वचेतल्याच रंगद्रव्याचा आणि हवा लागून बदललेल्या तेलाचा असतो. किशोरवयात दहांतल्या आठ जणांना कमी-जास्त मुरूम येतातच. आईबापांना आले असतील तर पोरांना जोरात येण्याची शक्यता जास्त.

यात "रक्त खराब झालं", "पोटात उष्णता झाली" याला जागा नाही. मुलग्यांना तर आणखी वाईट ऐकवतात, वाईट सवयी लागल्या म्हणून मुरूम आले. हस्तमैथुनाने मुरूम येत नाहीत, हे इथे स्पष्टच लिहिते, कारण या एका समजुतीपायी पोरं कोणाला दाखवायलाही येत नाहीत. "लग्न झालं की जातील" हाही असाच सल्ला. वय वाढलं की बहुतेकांचे कमी होतात, काहींचे तिशीतही राहतात. लग्नाचा संबंध नाही.

यानंतर येते खरी काळजीची गोष्ट, आणि माझ्या मते या लेखातली सर्वांत महत्त्वाची. आई पोरीला घेऊन मेडिकलवर जाते. "पिंपल्ससाठी काहीतरी द्या." दुकानदार एक छोटी ट्यूब देतो. तीन-चार दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो. आई खूश, पोरगी त्याहून खूश. मग मावशीच्या मुलीला, शेजारणीला तीच ट्यूब. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा दिसू लागतात, उन्हात भगभगतं, तोंडावर लव वाढते आणि पहिल्यापेक्षा जास्त पुटकुळ्या येतात. लावणं थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून पुन्हा लावायची. हे व्यसनासारखंच चक्र. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध खास कृतिगट नेमला आहे. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल 'एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला, तरी आपल्या गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात चिठ्ठी कोण मागतं?

म्हणून घरात असलेली ट्यूब आजच हातात घ्या आणि शिकलेल्या पोरीकडून बारीक अक्षरं वाचून घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. चेहऱ्यावरच्या मुरमांसाठी ते नाही. बरेच दिवस लावत असाल तर घाबरून एकदम बंद करून बसू नका, ट्यूब घेऊन त्वचेच्या ओपीडीत जा. कशी सोडायची ते डॉक्टर सांगतील.

ही ट्यूब इतकी खपते याचं कारण तिने गोरंही दिसतं. आईच्या मनात मुरमांच्या मागे दुसरी काळजी उभी असते, "उद्या पाहुणे बघायला येतील." गोरेपणाच्या सगळ्यांत प्रसिद्ध क्रीमने २०२० साली नावातून गोरेपणाचा शब्द काढला. बाजार मात्र तोच आहे, आणि त्यात कंपनीचा पत्ता नसलेल्या डब्याही आहेत. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली अशा क्रीम वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं उघड झालं. कारण होतं क्रीममधला पारा. सावळ्या रंगाला आजार समजून त्यावर मलम लावणं आपण घरातून थांबवलं पाहिजे. मुलगी दहावीत असताना तिच्या रंगाची चर्चा करणाऱ्या मावश्या-आत्यांना मी तोंडावर टोकते. नाती थोडी बिघडतात, बिघडू देत.

शाळा इथे काय करते? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. त्यात त्वचेच्या आजारांत खरूज, बुरशी म्हणजे गजकर्ण आणि इसब यांची नावं आहेत. मुरमांचं नाव नाही. खरूज पसरते, म्हणून ती यादीत हवीच. पण जे दहांतल्या आठ पोरांना होतं त्याबद्दल तपासणीच्या दिवशी एकही प्रश्न नसावा हे मला पटत नाही. वर सांगितलेल्या दहांपैकी निदान दोन प्रश्न विचारा: कोणी चिडवतं का, आणि यामुळे शाळा बुडते का. त्यासाठी यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. किशोरवयीनांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, दहा ते एकोणीस वयासाठी. त्यातली समुपदेशन केंद्रं आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी 'मैत्री' नावाने चालतात. तिथे फक्त पाळीबद्दलच बोलायचं असतं असं समजून मुलगे फिरकतच नाहीत. जवळच्या सरकारी दवाखान्यात आशाताईंना विचारा, केंद्र कोणत्या वारी उघडं असतं ते.

घरी काय करायचं ते थोडक्यात. दिवसातून दोनदा साध्या अंगाच्या साबणाने, हाताने, न घासता तोंड धुवायचं. टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा लावायचा नाही. पुटकुळी फोडायची नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर फोडलेल्या मुरमाचा काळा डाग महिनोन्महिने राहतो, आणि खड्डा पडला तर तो जातच नाही. केसांना तेल लावा, पण कपाळावर उतरेल इतकं चोपडू नका, आणि शाळेत जाताना तर नकोच. गोड आणि मैद्याचं कमी केल्याने काहींना फरक पडतो. मात्र त्यासाठी पोरीला उपाशी ठेवू नका.

मुलीची पाळी सतत अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील आणि मुरूमही जोरात असतील, तर स्त्रीरोगाच्या ओपीडीत दाखवा, पीसीओएस असू शकतं. मोठ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील तर थांबू नका, लवकर उपचार झाले तर खड्डे टळतात. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर कधीच घेऊ नका. गरोदरपणात त्या पोटात गेल्या तर बाळात गंभीर व्यंग येतं. पोर गप्प झालं, जेवेनासं झालं, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं, तर मुरूम बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ या टेलिमानसच्या मोफत सरकारी क्रमांकावर बोला, मराठीत बोलता येतं.

साध्या मुरमांसाठी डॉक्टर बहुतेक वेळा बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अडापलीनची जेल देतात. सुरुवातीला थोडं जळजळतं, त्वचा कोरडी पडते. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि इथेच बहुतेक पोरं दहाव्या दिवशी जेल सोडून पुन्हा त्या झटपट ट्यूबकडे जातात. आयांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवावी, केसपेपर जपून ठेवावा आणि दोन महिन्यांनी परत दाखवायला न्यावं. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कपड्याचा रंग उडतो, तेव्हा रात्री उशीवर जुना पांढरा कपडा टाका आणि शाळेच्या गणवेशाला ते लागू देऊ नका.